डावीकडचे चार, उजवीकडचे चार

वाचकांचे प्रश्न : रेकॉर्डी आणि रेकॉर्डप्लेअर
(उत्तरं देणारे लेखक १९७५पासून सांगलीच्या गावभागात रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान चालवतात. या वेळची बहुतेक पत्रं फ्री जॅझच्या, म्हणजे ठरलेल्या चौकटीबाहेर मोकळेपणानं वाजवलेल्या जॅझच्या रेकॉर्डींबद्दल आहेत.)

प्रश्न : काका, मी विट्याला कॉलेजात शिकतो. मोबाइलवर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं ‘असेन्शन’ लावलं आणि तीन मिनिटांत बंद केलं. सगळे एकदम वाजवतात, कुणाचं काय चाललंय कळत नाही. पण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. रेकॉर्डवर हे वेगळं ऐकू येतं का? आणि सुरुवात कुठून करू?
— एक विद्यार्थी, विटा

उत्तर : डोक्यातून जात नाही म्हणतोस ना, मग सुरुवात झालीच की. माझी कशी झाली ते सांगतो, त्यातच तुझ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर आहे.

१९७८ साली मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातले एक अमेरिकन डॉक्टर मायदेशी परत निघाले होते. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे दुरुस्तीला होता. तो न्यायला आले तेव्हा एक खोकं घेऊन आले आणि म्हणाले, एवढं वजन विमानातून न्यायला परवडत नाही, तूच ठेव. खोक्यात एकोणीस एलपी होत्या. अगदी वरची उचलली तर कव्हरला चौकोनी भोक. वाटलं, उंदरानं कुरतडलंय. पण कडा सरळ कापलेल्या होत्या. कव्हर उघडलं तर आत पानभर रंगांच्या धारा आणि शिंतोडे, आणि त्याचाच एक तुकडा त्या भोकातून बाहेर दिसत होता. चित्र जॅक्सन पोलॉकचं, ‘व्हाइट लाइट’ नावाचं. रेकॉर्ड सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनची, अटलांटिक कंपनीची, ‘फ्री जॅझ’.

लावली. एकाच मांडवात दोन वराती शिरल्यासारखं झालं. माझा धंदा दुरुस्तीचा, त्यामुळे पहिली शंका यंत्रावर. दोन्ही चॅनेल कुठेतरी एकमेकांत मिसळतायत असं वाटलं. तपासायला म्हणून डावा-उजवा आवाज कमीजास्त करणारं बॅलन्सचं बटण पार डावीकडे फिरवलं, आणि तिथे चौघंच उरले. एक सॅक्सोफोन, एक छोटा ट्रम्पेट, एक डबल बेस, एक ड्रम. स्वच्छ. मग बटण पार उजवीकडे नेलं. तिथे दुसरेच चौघं. यंत्रात काहीच बिघाड नव्हता. ते ध्वनिमुद्रणच तसं होतं.

२१ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कमध्ये आठ वादक दोन चौकड्या करून बसले होते. डावीकडे स्वतः कोलमन, डॉन चेरी, बेसवर स्कॉट लाफारो आणि ड्रमवर बिली हिगिन्स. उजवीकडे बास क्लॅरिनेट घेऊन एरिक डॉल्फी, ट्रम्पेटवर फ्रेडी हबर्ड, बेसवर चार्ली हेडन, ड्रमवर एड ब्लॅकवेल. सदतीस मिनिटं न थांबता वाजवलेलं एकच वादन. एका बाजूवर ते मावत नाही म्हणून दोन बाजूंवर विभागलेलं. त्या रात्री मी दुकान बंद करून तीनदा ऐकलं, आधी फक्त डावे चार, मग फक्त उजवे चार, मग बटण मध्यावर आणून आठही. तिसऱ्या वेळी एकही सूर मला गर्दीचा वाटला नाही.

तूही हेच कर. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून डावं-उजवं एकत्र गोळा होऊन बाहेर येतं, म्हणून तुला कुणाचं काय ते कळेना. हेडफोन लावलास तरी फरक पडेल. मात्र ही रेकॉर्ड घेताना कव्हरवर स्टिरिओ लिहिलंय का ते बघ. जुनी मोनो प्रतही मिळते, तिच्यात आठही जण एकाच ठिकाणाहून वाजतात आणि बटण फिरवून काही उपयोग होत नाही.

आता ‘कुणाचं काय चाललंय’ याबद्दल. आपल्याकडे विलंबित ख्याल ऐकताना सम कुठे येणार ते आपल्याला ठाऊक असतं, तिची वाट बघण्यातच रंगत असते. इथे तशी आवर्तनं नाहीत. पण ‘फ्री जॅझ’मध्ये बेस आणि ड्रमची चाल थांबत नाही, पाय ठेका धरू शकतो. आणि प्रत्येकाच्या स्वतंत्र वादनाआधी सगळे मिळून एक छोटीशी ठरलेली ओळ वाजवतात. ती आली की समजायचं, आता पुढचा माणूस उठला. मी तिला मुखडाच म्हणतो. ती एकदा ओळखता आली की ही सदतीस मिनिटं आपोआप खोल्याखोल्यांची होतात, आणि आपण कुठल्या खोलीत उभे आहोत ते कळतं. ‘असेन्शन’ची बांधणीही अशीच आहे. अकरा जण एकत्र उसळतात, मग एक जण पुढे येतो, मग पुन्हा अकरा.

पण तिथे सगळ्यात शेवटी जा. आधी कोलमनचीच १९५९ची ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’ घे. चौघंच आहेत, पियानो नाही. पियानो नाही म्हणजे सुरावटीला बांधून ठेवणारं कुणी नाही. पेटी बाजूला ठेवून नुसत्या तंबोऱ्यावर गायलं की गायकाचा गळा जसा मोकळा फिरतो, तसं. कोलमन त्या काळात पांढऱ्या प्लास्टिकचा सॅक्सोफोन वाजवायचा. पहिलंच गाणं ‘लोनली वूमन’. खाली ड्रम भरधाव पळतोय आणि वर दोघं जण अगदी सावकाश, रडू आवरल्यासारखी ओळ म्हणतायत. हे ज्याला आवडलं त्याला पुढचं सगळं आवडेल असं माझं मत आहे.

मग एरिक डॉल्फीची ‘आउट टु लंच’. फेब्रुवारी १९६४मध्ये वाजवली, आणि त्याच जूनमध्ये तो बर्लिनमध्ये वारला. अवघा छत्तीस वर्षांचा होता. रेकॉर्ड बाजारात आलेली त्यानं पाहिली नाही. मग ‘फ्री जॅझ’. मग ‘असेन्शन’. चार रेकॉर्डी झाल्या. त्यांना दोन वर्षं दे. माझ्याकडे आज दोनशे दहा आहेत आणि त्यातल्या चाळीसेकच मला खऱ्या अर्थानं ठाऊक आहेत. बाकीच्या घरात आहेत एवढंच. तुझ्या वयात हे मला कुणी सांगितलं असतं तर मी पैसे कमी आणि वेळ जास्त खर्च केला असता.

प्रश्न : ‘असेन्शन’ची जुनी प्रत एक विक्रेते देऊ करत आहेत. ‘पहिली आवृत्ती’ असं सांगून किंमत दुप्पट लावली आहे. पहिली आणि दुसरी ओळखायची कशी? आणि पहिलीच चांगली का?
— क. वाचक, कराड

उत्तर : रेकॉर्ड हातात घेऊन उजेडात तिरकी धरा. वादनाच्या खाचा संपल्यावर लेबलापर्यंत जो गुळगुळीत पट्टा राहतो, त्यावर काही अक्षरं कोरलेली असतात. तिथे ‘एडिशन टू’ अशी खूण दिसली तर ती दुसरी आवृत्ती. खूण नसेल आणि प्रत त्याच काळातली, इम्पल्स कंपनीच्या नारिंगी-काळ्या लेबलाची असेल, तर ती पहिली असण्याचा संभव मोठा. त्याच पट्ट्यात ध्वनिमुद्रक व्हॅन गेल्डर यांचा शिक्काही बघा. कव्हरवर भिस्त ठेवू नका. विक्रेत्याला म्हणावं, कव्हरचा नको, त्या पट्ट्याचा फोटो पाठवा. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नका.

हा घोळ झाला कसा, तर २८ जून १९६५ रोजी अकरा जणांनी हे दोनदा वाजवलं, दोन्ही वेळा चाळीस मिनिटांच्या आसपास. एक वादन छापून बाजारात गेलं. त्यानंतर कोल्ट्रेनला दुसरं अधिक पटलं, आणि पुढच्या प्रतींमध्ये त्याच कव्हरात, त्याच क्रमांकाखाली ते घातलं गेलं. घेणाऱ्याला कळायला त्या कोरलेल्या खुणेखेरीज काही नव्हतं. कानांनी ओळखायचं असेल तर एल्विन जोन्सचं एकट्याचं ड्रमवादन ऐका. ते पहिल्या आवृत्तीत आहे, दुसऱ्यात नाही.

चांगली कुठली म्हणाल, तर वाजवणाऱ्यानं स्वतः निवडली ती दुसरी. मला त्या एल्विनच्या तुकड्यासाठी पहिली जवळची वाटते. पण दुप्पट पैसे मोजण्याइतका फरक नाही, हे मी दोन्ही अनेक वर्षं ऐकून सांगतो. हल्ली दोन्ही वादनं एकत्रही मिळतात. परदेशातून मागवाल तर टपाल आणि कस्टम धरून हिशेब करा, रेकॉर्डीपेक्षा तिची वाटखर्चीच जास्त होते कधीकधी. त्या वाचलेल्या पैशांत चांगली सुई येईल.

प्रश्न : माझं माहेर मिरजेचं, घरात तीन पिढ्या तंबोरे बनवण्याचं काम. मी स्वतः शाळेत संगीत शिकवते. एका अमेरिकन जॅझ रेकॉर्डीत तंबोरा वाजतो असं ऐकलं. खरं आहे का? त्यात राग असतो का?
— संगीत शिक्षिका, सांगली

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून उठलो आणि तीच रेकॉर्ड लावून हे लिहायला बसलो. ‘जर्नी इन सच्चिदानंद’. कोल्ट्रेनची पत्नी अ‍ॅलिस कोल्ट्रेन हिची. नाव तिचे गुरू स्वामी सच्चिदानंद यांच्यावरून. कोल्ट्रेन जुलै १९६७मध्ये गेला, चाळीसाव्या वर्षी. पदरात लहान मुलं. त्यानंतरच्या दुःखातून तिला या गुरूंनी बाहेर काढलं. नोव्हेंबर १९७०मध्ये तिनं घरातल्याच स्टुडिओत यातलं बहुतेक वाजवलं आणि १९७१ साली रेकॉर्ड आली.

पहिलंच वादन ऐका. बेसवर सेसिल मॅकबी एक छोटी ओळ धरतो आणि ती शेवटपर्यंत सोडत नाही. खाली तंबोरा झणकारतो. त्यावर अ‍ॅलिसची हार्प, म्हणजे उभी मोठी तारांची वीणाच, पाण्याच्या लाटेसारखी येते आणि फुटते. मग फॅरो सँडर्सचा सोप्रानो सॅक्सोफोन. तुमच्या माहेरी घोडीवर तारेखाली दोरा सरकवत सरकवत जवारी कधी मोकळी होते त्याची वाट बघत बसणारे वडीलधारे तुम्ही पाहिले असतील. त्या कानानं ऐका. पंढरपूरकडच्या भोपळ्याचा नाद आणि डबल बेसच्या लाकडाचा नाद एकमेकांना इतके धरून राहतात की मला दर वेळी नव्यानं आश्चर्य वाटतं. यंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर बेस खालचा भाग भरतो, तंबोऱ्याच्या तारांतून निघणारे वरचे स्वर वरचा भाग भरतात, आणि मधली सगळी जागा हार्प आणि सॅक्सोफोनला मोकळी मिळते.

राग मात्र नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण अशा रेकॉर्डींच्या पाठीमागे पुष्कळ वेळा राग, योग, अध्यात्म असं वाटेल ते छापलेलं असतं. रागाचं चलन, वर्ज्य स्वर, न्यास यांची शिस्त इथे कुणी पाळत नाही आणि पाळायचा दावाही करत नाही. त्यांनी घेतलं ते एका षड्जाशी बसून राहणं. जुन्या जॅझमध्ये स्वरसंगती दर दोन-चार मात्रांनी बदलायची, वादकाला तिच्यामागे धावावं लागे. एकच आधारस्वर धरला की धाव थांबते आणि वादक एका स्वराभोवती हवा तितका वेळ राहू शकतो. कोल्ट्रेननं हे आधीच केलं होतं. नोव्हेंबर १९६१मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात वाजवलेलं त्याचं ‘इंडिया’ ऐका. दोन डबल बेस घेतले आहेत, खालचा स्वर भरून राहावा म्हणून. ते १९६३च्या ‘इम्प्रेशन्स’ या रेकॉर्डीवर आहे. रविशंकरांचं वादन तो मन लावून ऐकायचा. १९६५ साली मुलगा झाला त्याचं नाव रवी ठेवलं, आणि तो रवी आज स्वतः नावाजलेला सॅक्सोफोनवादक आहे.

तुम्ही मिरजेच्या, म्हणून आणखी एक गोष्ट. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या तुमच्याकडे कुणाच्या तरी घरी असतील. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तेवढ्यात त्यांना आलाप, बंदिश, ताना सगळं बसवावं लागलं, आणि बसवलं. ‘जमुना के तीर’ ऐकताना आजही कुठे घाई जाणवत नाही. एलपी आली आणि बाजू वीस-बावीस मिनिटांची झाली. फ्री जॅझवाल्यांना ती वीस मिनिटंही कमी पडली. दर्ग्यातल्या उरुसाच्या संगीतसभेत रात्र रात्र बसणाऱ्या आपल्या लोकांना, खरं तर, हे संगीत परकं वाटायला नको. बसायची सवय आपल्याला आहे.

प्रश्न : आम्ही मारुती चौकाजवळ राहतो. पुराच्या पाण्यात वडिलांच्या रेकॉर्डी भिजल्या, तेव्हापासून त्या तशाच पोत्यात बांधून माळ्यावर आहेत. टाकून द्याव्यात का?
— सांगली

उत्तर : टाकू नका. पोतं आजच खाली काढा.

ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं तेव्हा माझ्या बासष्ट रेकॉर्डी खालच्या खणात होत्या. दुकानात छातीइतकं पाणी. आठ दिवसांनी शटर उघडलं तर कव्हरांचा लगदा झाला होता, एकमेकांना चिकटून एकच वीट. मी तिथेच चिखलात बसलो. डॉक्टरांच्या खोक्यातल्या एकोणीसपैकी अकरा त्या विटेत होत्या, भोकाची ‘फ्री जॅझ’सुद्धा. पण त्या बासष्टपैकी अठ्ठावन्न आज वाजतात.

रेकॉर्डीच्या प्लास्टिकला, म्हणजे व्हिनाइलला, पाणी काही करत नाही. मारतो तो गाळ, आणि गाळापेक्षाही आपला पुसायचा उतावळेपणा. कृष्णेच्या गाळात बारीक वाळू असते. कापडानं एकदा खसकन पुसलंत की ती वाळू खाचांतून ओढली जाते आणि मग कुणाच्या बापाला ते ओरखडे काढता येत नाहीत. म्हणून आधी फक्त पाणी. नळाची धार बारीक ठेवा, लेबल भिजू नये म्हणून दोन्ही बाजूंनी डब्याची झाकणं घट्ट दाबून धरा, आणि रेकॉर्ड फिरवत राहा. हात लावायचा नाही. खाली पडणारं पाणी अगदी स्वच्छ दिसेपर्यंत. तुमचा गाळ वाळून बसलाय, त्यामुळे आधी तासभर उथळ परातीत लेबल वर राहील अशा बेतानं कडेकडेनं भिजवा.

गाळ गेला की कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. मऊ केसांचा रंगाचा रुंद ब्रश घ्या आणि खाचांच्या दिशेनं, गोल फिरवा. आडवा कधीही नाही. मग पुन्हा साधं पाणी, आणि शेवटची धुणी डिस्टिल्ड वॉटरची. बॅटरीच्या दुकानात मिळतं. पण बाटली नीट वाचून घ्या, तिथेच शेजारी अ‍ॅसिडच्या बाटल्याही असतात. हे शेवटचं पाणी नाही वापरलं तर आपल्या बोअरच्या पाण्यातले क्षार खाचांत वाळतात आणि रेकॉर्ड फुटाणे भाजल्यासारखी वाजते.

वाळवायला स्वयंपाकघरातलं ताटाळं. ताटं उभी राहतात तशाच रेकॉर्डी उभ्या ठेवायच्या, पंख्याखाली, सावलीत. उन्हात एक दुपार ठेवलीत तर पापड होईल. आमच्या घरी त्या ऑगस्टात दहा दिवस ताटं जमिनीवर होती आणि ताटाळ्यात कोल्ट्रेन, आयलर, आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो वाळत होते. पत्नीनं एका शब्दानं तक्रार केली नाही. उलट रोज सकाळी तीच बाजू बदलून ठेवायची.

वडिलांच्या संग्रहात मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या असतील तर त्या वेगळ्या काढा. त्या लाखेच्या असतात. त्यांना फार वेळ भिजवायचं नाही आणि स्पिरिट तर अजिबात लावायचं नाही, लाख विरघळते.

कव्हरं गेली ती गेली. बुरशी धरलेलं कव्हर जपून ठेवलंत तर ती बुरशी चांगल्या रेकॉर्डींवर जाईल. मी लग्नपत्रिका छापणाऱ्या एकांकडून जाड पुठ्ठा आणला, मुलीनं कापून पाकिटं केली आणि तिच्या अक्षरात नावं लिहिली. ते करताना अमेरिकन जॅझवादक सन रा यांची आठवण झाली. ते आणि त्यांचे वादक आपल्या सॅटर्न या छोट्या कंपनीच्या रेकॉर्डींची काही कव्हरं हातानं रंगवायचे आणि कार्यक्रमाच्या जागी विकायचे. आज ती हातानं रंगवलेली कव्हरं जगभरचे लोक शोधत फिरतात. माझी पुठ्ठ्याची पाकिटं कुणी शोधणार नाही, पण मला ती मूळ कव्हरांइतकीच प्रिय आहेत.

आणि आता खालचा खण कायमचा रिकामा ठेवा. रेकॉर्डी उभ्या, छातीच्या वरच्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं सोडून.

प्रश्न : माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. पगारातून दर महिन्याला एक रेकॉर्ड आणतो आणि खोलीत बसून किंचाळल्यासारखी वाद्यं ऐकतो. स्वभावानं शांत आहे, पण हे ऐकून मला काळजी वाटते. तुम्ही त्याला काही सांगाल का?
— एक आई, पलूस

उत्तर : ताई, मी त्याला सांगण्यापेक्षा तुम्हाला एक विनंती करतो. एक दिवस त्याच्या खोलीत जाऊन बसा आणि म्हणा, मला सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलरचं ‘घोस्ट्स’ ऐकव. त्याच्याकडे ते नक्की असेल. ‘स्पिरिच्युअल युनिटी’ नावाची, १९६४ साली वाजवलेली रेकॉर्ड आहे, ईएसपी-डिस्क नावाच्या छोट्या कंपनीची. तिघंच वादक, आणि दोन्ही बाजू मिळून अर्धा तासही नाही.

सुरुवातीची चाल नीट ऐका. अगदी साधी आहे, लहान मुलांच्या गाण्यासारखी. तुमच्या पलूसला लग्नात बँड येतो ना? वरात दारात आली की क्लॅरिनेटवाला गाल फुगवून जी तान घेतो, सूर थोडा वर-खाली होतो, पण त्यात इतका जीव असतो की आजीबाईसुद्धा ओट्यावर येतात. आयलरच्या वाजवण्यात तेच आहे. तो तरुणपणी अमेरिकी सैन्याच्या बँडमध्ये होता. ती कवायतीची, मिरवणुकीची गाणी त्यानं कधी टाकली नाहीत. चाल झाली की तो तीच गोष्ट फोडून, ताणून, गळा दाटून आल्यासारखी सांगतो. तुम्हाला किंचाळणं वाटतं ते तिथे. पण माणूस कीर्तनात रडतो, तेव्हा आपण काळजी करत नाही.

कोल्ट्रेन गेला तेव्हा त्याच्या अंत्यविधीला आयलरनं आणि कोलमननं वाजवलं. निरोपाच्या वेळी ज्यांचं वादन व्हावं असं वाटतं, अशी ही माणसं होती. आयलर स्वतः १९७० साली गेला, चौतीसाव्या वर्षी.

पैशांचं म्हणाल तर महिन्याला एक रेकॉर्ड हे व्यसन नव्हे. तरी एक अट घालायला हरकत नाही. नवी आणण्याआधी गेल्या महिन्याची चार वेळा पूर्ण ऐकलेली असली पाहिजे, आणि त्यातली एक वेळ तुमच्यासोबत. माझ्या ओळखीत असे लोक आहेत ज्यांच्याकडे हजार रेकॉर्डी आहेत आणि त्यातल्या निम्म्यांवर सुई कधी टेकलेली नाही. मला त्यांचं वाईट वाटतं. तुमच्या मुलाच्या खोलीतून आवाज येतोय, हे चांगलं आहे.

थोडक्यात

*सुई उडते म्हणून वर रुपया ठेवला तर चालेल का? (तासगाव)* — नाही. स्टीलचा रुपया तीन ते पाच ग्रॅमचा असतो, आणि आजच्या बऱ्याचशा सुयांना दीड-दोन ग्रॅम वजन पुरतं. तुम्ही रेकॉर्डीवर नांगर धरताय. सुई उडते याचा अर्थ ती झिजली आहे, दांडीचा तोल चुकला आहे किंवा प्लेअर सपाट ठेवलेला नाही. जुन्या सुटकेससारख्या प्लेअरवर महागडी रेकॉर्ड लावूच नका.

*बाजूच्या शेवटी सॅक्सोफोन फाटल्यासारखा येतो. रेकॉर्ड खराब आहे का? (सातारा)* — बहुधा नाही. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, पण बाहेरच्या मोठ्या वर्तुळात सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम २१. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. त्यात फ्री जॅझमध्ये चढ नेमका शेवटी येतो. सुईचं टोक तपासा आणि कार्ट्रिज, म्हणजे सुई ज्यात बसते तो भाग, सरळ बसलंय का बघा. बराच फरक पडेल.

*१८० ग्रॅमची जाड रेकॉर्ड जास्त चांगली वाजते का? (इचलकरंजी)* — जाडीनं ती वाकत कमी. आवाज मात्र ठरतो तो कुठल्या टेपवरून, कुणी आणि किती काळजीनं खाचा कोरल्या यावर. माझ्याकडच्या साठच्या दशकातल्या काही पातळ प्रती नव्या जाड प्रतींपेक्षा कितीतरी जिवंत आहेत, आणि काही नव्या प्रती जुन्यांना मागे टाकतात. वजनाला पैसे देऊ नका.

*सांगलीत एकत्र बसून ऐकायला कुठे जागा आहे का? (तीन मित्र, विश्रामबाग)* — माझ्या दुकानामागे खोली आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण जमतो. मासिकाच्या कार्यालयात नाव कळवा, म्हणजे खुर्च्या मांडता येतील. भडंग असतं, पण हात साबणानं धुतल्याखेरीज रेकॉर्ड हातात मिळत नाही. एका संध्याकाळी एकच रेकॉर्ड, दोन्ही बाजू, आणि मध्ये बाजू उलटेपर्यंत बोलायचं नाही. येत्या वेळी ‘फ्री जॅझ’ आहे, पुठ्ठ्याच्या पाकिटातली, पुरातून वाचलेली. विट्याच्या मुलानं हे वाचलं असेल तर त्यानंही यावं. बॅलन्सचं बटण त्याच्या हातात देईन.